कीर्द-खतावणी आणि इतिहास : पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मूळ संशोधनाचे दार

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा आग्रह संपादक मंडळाने केला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. माझा व्यवसाय कापडाचा, शिक्षण बी. कॉम.पर्यंतचे. इतिहासावर लिहिण्याचा अधिकार तो काय? परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या मंदिराच्या जुन्या कागदांवर महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांनी जे काम केले, ते मी जवळून पाहिले. त्या कामात माझ्या हातून झालेल्या एका चुकीचाही संबंध आला. म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

इतिहासाचे मूळ संशोधन म्हणजे प्राध्यापकांचे, पीएच. डी. करणाऱ्यांचे काम, असा आपला समज असतो. पदवीच्या वर्गातील एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने नेमलेले पुस्तक वाचावे, परीक्षा द्यावी आणि पुढे जावे, एवढीच आपली अपेक्षा. परंतु महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाची परंपरा मात्र वेगळेच सांगते.

परंपरा काय सांगते?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. पदवी घेतल्यावर त्यांनी गावोगाव पायपीट केली, घराघरांतील दप्तरे उघडण्यासाठी मालकांची मनधरणी केली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही विद्यापीठाच्या आवाराबाहेर. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे शाळेतील शिक्षक. पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे निवडून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध केला. या मंडळींपाशी मोठी साधनसंपत्ती नव्हती. कागदापर्यंत पोहोचण्याची जिद्द होती आणि कागद वाचण्याचे कौशल्य होते.

जैन समाजापुरते बोलायचे तर या कामात व्यापाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे. मूडबिद्रीच्या सिद्धान्त बसदीत षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके जपलेली होती. यात्रेकरू जात, ताडपत्रांचे दर्शन घेत, नमस्कार करून परतत. जुन्या कन्नड लिपीतील तो मजकूर वाचणारे मात्र जवळजवळ कोणी उरले नव्हते. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या मनाने घेतले की, या ग्रंथांच्या प्रती झाल्या पाहिजेत. १८९५-९६ च्या सुमारास ब्रह्मसूरी शास्त्री आणि गजपति उपाध्याय यांनी नकलेचे काम सुरू केले आणि ते अनेक वर्षे चालले. पुढे अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये पहिला खंड छापून निघाला आणि सुमारे वीस वर्षांत सोळा खंड पूर्ण झाले. त्या प्रकाशनामागे विदिशेच्या शेठ लक्ष्मीचंद यांचे दान होते.

या हकिकतीतून मला एक गोष्ट शिकायला मिळाली. ताडपत्रे जपणाऱ्यांचे उपकार मोठेच आहेत. त्यांनी ती जपली नसती, तर नक्कल करायला काही उरलेच नसते. परंतु जे केवळ दर्शनासाठी ठेवले जाते, त्याचे ज्ञान होत नाही. दर्शन आणि वाचन यांमधले अंतर कोणीतरी पार करून द्यावे लागते, आणि त्यासाठी परवानगी, पैसा आणि धीर ही तिन्ही लागतात.

दुसरे उदाहरण बिकानेरचे श्री. अगरचंद नाहटा (१९११-१९८३) यांचे. घराणे व्यापारी, पेढ्या आसाम-बंगालकडे, आणि औपचारिक शिक्षण जेमतेम पाचवीपर्यंत. अशा या गृहस्थांनी अभय जैन ग्रंथालयात हजारो हस्तलिखिते गोळा केली, हजारो लेख लिहिले आणि आपले पुतणे भंवरलाल नाहटा यांच्यासह 'बीकानेर जैन लेख संग्रह' सिद्ध केला. परंतु त्यांची खरी थोरवी अशी की, दूरदूरच्या विद्यापीठांतील संशोधक विद्यार्थी त्यांच्याकडे येत, पत्राने माहिती मागवीत आणि ती त्यांना मिळे. त्यांच्याही आधी कलकत्त्याचे पूरणचंद नाहर यांनी जैन प्रतिमालेखांचे तीन भाग प्रसिद्ध केले होते. स्वतः कागद जमवून तो नव्या विद्यार्थ्यापुढे मोकळा करणे, हा जैन श्रावकाच्या शास्त्रदानाचाच एक प्रकार आहे, असे मला वाटते.

आपल्या मंदिरातील मूर्तिलेख

आता आपल्या गावाकडे येतो. येथील महाविद्यालयातील बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी, एक मुलगी आणि एक मुलगा, काही वर्षांपूर्वी ट्रस्टच्या कार्यालयात आले. 'बाजारपेठेतील जैन समाजाचा इतिहास' असा त्यांचा प्रकल्पाचा विषय होता. अशा प्रकल्पांचे काय होते, ते आपणांस ठाऊक आहे. दोन पुस्तकांतून उतारे काढायचे, एखाद्या ज्येष्ठाची मुलाखत घ्यायची, प्लास्टिकच्या फाइलमध्ये सर्व बांधून द्यायचे. परंतु त्यांच्या प्राध्यापिकेने त्यांना एकच अट घातली होती : आजवर कोणी न वाचलेला निदान एक तरी मूळ लेख किंवा कागद वाचायचा.

त्यांनी प्रथम मूर्तिलेख वाचण्याची परवानगी मागितली. मूर्तीला स्पर्श न करता, पूजेची वेळ टाळून, विजेरीचा प्रकाश तिरका पाडून त्यांनी मूलनायकाच्या पादपीठावरील अक्षरे उतरवली. त्यात संवत् १५४८, वैशाख शुद्ध तृतीया, मूलसंघ, भट्टारक जिनचंद्र आणि प्रतिष्ठा करविणारे शाह जीवराज पापडीवाल अशी नावे निघाली. आम्हा सर्वांना मोठा आनंद झाला. आपले मंदिर पाचशे वर्षांचे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता तर दगडावरचा पुरावाच मिळाला!

महिन्याभराने ती मुलगी परत आली, तेव्हा जरा संकोचलेली दिसली. तिने सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेला डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचा 'भट्टारक संप्रदाय' हा ग्रंथ वाचला होता. इतर गावांचे लेखसंग्रहही चाळले होते. तिने सांगितले, 'काका, हाच लेख, हीच तिथी, हेच दाते भारतभरातील असंख्य मंदिरांतल्या मूर्तींवर आहेत.' ते खरेच आहे. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर मुडासा येथे जीवराज पापडीवाल यांनी फार मोठ्या संख्येने जिनप्रतिमांची प्रतिष्ठा करविली आणि त्या प्रतिमा गावोगाव पोहोचविल्या गेल्या. म्हणजे संवत् १५४८ हा त्या मूर्तीच्या प्रतिष्ठेचा काळ ठरतो, आपल्या मंदिराच्या उभारणीचा नव्हे. मूर्ती येथे केव्हा आली, हे तो लेख सांगत नाही.

येथे एक छोटासा तपशील नमूद करतो, कारण त्यात आम्हा व्यापाऱ्यांचा उपयोग झाला. विद्यार्थ्यांनी १५४८ मधून ५७ वजा करून इसवी सन १४९१ लिहिले होते. मी त्यांना विचारले, 'संवत् चैत्रापासूनचा की कार्तिकापासूनचा?' आमच्या जुन्या चोपड्यांचे वर्ष दिवाळीच्या पाडव्याला बदलत असे. वैशाख महिना कार्तिकादी संवताचा धरला, तर सन १४९२ येते. उत्तरेकडील चैत्रादी गणनेने १४९१ येते. हा फरक त्यांच्या पुस्तकात नव्हता, आमच्या दुकानात होता. जुना व्यापारी इतिहासाच्या विद्यार्थ्याला काही देऊ शकतो, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले.

जुन्या वह्या आणि दुष्काळ

मंदिर केव्हाचे, हा प्रश्न उरलाच. ट्रस्टच्या कोठीत एक लाकडी पेटी होती. तीत लाल कापडात बांधलेल्या हिशोबाच्या वह्या होत्या. सर्व मोडीत. आमच्या पिढीला मोडी वाचता येत नाही. माझ्या आजोबांबरोबर ती विद्या घरातून गेली. अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका सद्गृहस्थांनी दर रविवारी दोन तास या मुलांना मोडी शिकवली. चार महिने ती मुले केवळ अक्षरे गिरवीत होती. नंतर रक्कम वाचू लागली, रुपये-आणे-पै यांची मांडणी समजू लागली. १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या हिशोबात सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा असे, हेही त्यांना नव्याने शिकावे लागले. मग त्यांना नावे-जमा कळले, आणि मग एकेक वही बोलू लागली.

मंदिराच्या बांधकामाची कीर्द शके १७९० च्या दशकातील निघाली. दगड, चुना, गवंड्यांची मजुरी, सागवान असा खर्च पानोपानी आहे. म्हणजे आज उभी असलेली वास्तू सुमारे दीडशे वर्षांची. शके १७९८ च्या वहीत मात्र काही महिन्यांनंतर दगड-चुन्याचा खर्च एकाएकी थांबतो आणि त्याच्या जागी ज्वारीच्या पोत्यांची आणि मांजरपाटाची खरेदी दिसू लागते. शकात ७८ मिळविले की सन १८७६ येते. त्या वर्षी पाऊस गेला आणि १८७६ ते १८७८ असा भीषण दुष्काळ दख्खनने सोसला. आपल्या पूर्वजांनी मंदिराचे बांधकाम थांबवून त्याच पैशाने धान्य आणि कापड घेतले होते!

हे ऐकल्यावर मी तर भारावून गेलो. आपल्या पूर्वजांनी दुष्काळात अन्नदान आणि वस्त्रदान केले, असा मथळाही माझ्या मनात तयार झाला. परंतु त्या मुलाने मला थांबविले. त्याचे म्हणणे असे की, वहीत 'कामावरील माणसे' असा उल्लेख आहे. ज्वारी गोरगरिबांना वाटली, की गवंड्या-मजुरांना रोख मजुरीऐवजी दिली, हे या नोंदीवरून ठरत नाही. दोन्ही शक्य आहे. 'मांजरपाट आपल्याच दुकानातून घेतल्याची नोंद आहे, खाते आपल्या घराण्याचे आहे. आपल्या दुकानाची त्या सालची वही मिळाली, तर किती वार कापड गेले, किती तुकडे झाले, कोणाच्या नावे गेले, हे कळेल,' असे तो म्हणाला.

मी काही बोलू शकलो नाही. माझ्या पणजोबांच्या वेळेपासूनच्या चोपड्या आमच्या दुकानाच्या माळ्यावर होत्या. दुकानाचे नूतनीकरण करताना मीच त्या काढल्या आणि वजनावर रद्दीत विकल्या. वाळवी लागली आहे, जागा अडते, कोणाला उपयोग नाही, अशी कारणे तेव्हा मला पुरेशी वाटली होती. रद्दीवाल्याने दिलेले पैसे हमालांच्या चहापाण्यालाही पुरले नव्हते. आयुष्यभर मी दुहेरी नोंदीचे जमाखर्च लिहिले. एका वहीत नावे पडले की दुसऱ्या वहीत जमा असतेच, हे मला पदवीच्या वर्गात शिकविले गेले. मंदिराच्या वहीत नोंदीचा एक पाय आहे, दुसरा पाय आमच्या वहीत होता. तो मी माझ्या हाताने तोडला. दुष्काळात आपल्या पूर्वजांनी दान दिले की मजुरी, याचे निश्चित उत्तर आता बहुधा कधीच मिळणार नाही, आणि त्याला कारण मी आहे.

त्या मुलांनी आपल्या प्रबंधिकेत दोन्ही शक्यता लिहिल्या आणि 'निर्णयास पुरावा अपुरा' असे नमूद केले. मला ते वाक्य अभिमानास्पद वाटले. लेखापरीक्षक ज्याप्रमाणे पावतीशिवाय नोंद मान्य करीत नाही, त्याप्रमाणे वीस वर्षांच्या मुलाने भावनेच्या भरात नोंद मान्य केली नाही.

निष्कर्ष कोणाचा?

यानंतर विश्वस्तांच्या सभेत जो प्रसंग उद्भवला, तो येथे लिहावा की नाही, याचा मी बराच विचार केला. स्मरणिकेत मंदिराचा परिचय कसा छापावा, हा प्रश्न होता. 'पाचशे वर्षांचे प्राचीन मंदिर' हे शब्द आपल्या पावतीपुस्तकावर, निमंत्रणपत्रिकेवर वर्षानुवर्षे आहेत. काही सदस्यांचे मत पडले की, मुलांचा प्रकल्प मुलांपाशी राहू द्यावा. समाजाची श्रद्धा कशाला दुखवायची? मी कबूल करतो की, पहिल्या सभेत मीही त्याच बाजूने बोललो होतो.

दुसऱ्या सभेपूर्वी ती मुलगी मला भेटली. तिचा प्रश्न साधा होता : 'काका, उत्तर ठरलेलेच होते, तर आम्हाला कोठीची किल्ली का दिली?' मला त्याचे उत्तर देता आले नाही. सत्य हे पाच अणुव्रतांतील दुसरे. दुकानात मापात खोट करू नये, हे आपण मुलांना शिकवितो. मग वर्षांच्या मापात साडेतीनशे वर्षांची वाढ कशी चालेल? आणि श्रद्धेला धक्का कशाचा? मूर्ती पाचशे वर्षांहून अधिक प्राचीन आहेच. मंदिर दीडशे वर्षांचे असले, तरी ते बांधणाऱ्यांनी अवर्षण पडताच चुन्याचा खर्च थांबवून ज्वारी घेतली, हे वहीत लिहिलेले आहे. या स्मरणिकेतील मंदिर-परिचयात सभेच्या ठरावानुसार मूर्ती आणि वास्तू यांचे काळ वेगवेगळे दिले आहेत. वाचकांनी तो फरक अवश्य पाहावा.

विद्यार्थ्याला संशोधनासाठी मदत करणे म्हणजे आपल्या आवडीच्या निष्कर्षासाठी त्याला मानधन देणे नव्हे. किल्ली दिली की निष्कर्ष त्याचा. चूक असेल तर पुराव्याने दाखवावी, परंतु गैरसोयीचे आहे म्हणून ते दडपू नये.

पुढे काय करता येईल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आला आहे. पहिल्या सहा सत्रांत पंच्याहत्तर टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. म्हणजे संशोधन आता पदवीच्या विद्यार्थ्याच्याही वाट्याला आले. परंतु अभ्यासक्रमात तासिका वाढल्या, म्हणून गावात कागद वाढत नाहीत. ते आपल्या कोठ्यांत, माळ्यांवर, पांजरपोळांच्या कपाटांत आणि वसतिगृहांच्या नोंदवह्यांत पडून आहेत. म्हणून विश्वस्त मंडळापुढे आणि समाजबांधवांपुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो.

१. ट्रस्टच्या सर्व जुन्या वह्यांची यादी करावी, छायाचित्रे काढून ठेवावीत आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातील एक दिवस कोठी उघडी ठेवावी. मूळ वही बाहेर नेऊ देऊ नये, परंतु वाचू द्यावी.

२. मोडी आणि महाजनी लिपीचा वर्ग दर उन्हाळ्यात चालवावा. पुराभिलेख विभागाच्या मोडी प्रशिक्षणाचाही लाभ विद्यार्थ्यांना मिळवून द्यावा.

३. दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना, जात-धर्म न पाहता, प्रवास, नकला आणि छायाचित्रे यांसाठी साहाय्य द्यावे. सुट्टीत काम करून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या मुलाला अभिलेखागारात बसण्याची उसंत नसते. त्या दिवसांचा रोज त्याला मिळाला, तरच तो बसू शकेल.

४. समाजातील ज्येष्ठ व्यापाऱ्यांनी हुंडी, आडत, वजन-मापे, जुन्या कापडांची नावे यांविषयी विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी वेळ द्यावा. आपल्या पिढीबरोबर हे शब्द जाणार आहेत.

५. विद्यार्थ्याचे लेखन ट्रस्टने छापावे, त्याच्या नावाने छापावे आणि ट्रस्टला ते मान्य असो वा नसो, बदल न करता छापावे.

आपल्या पूर्वजांनी शंभर वर्षांपूर्वी ठिकठिकाणी जैन बोर्डिंगे काढली. खेड्यातील मुलाला शहरात शिकायचे, तर आधी त्याला निवारा आणि जेवण हवे, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या अशाच बोर्डिंगमध्ये राहिले आणि पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना करून हजारो मुलांना तीच सोय उपलब्ध करून दिली. आज बहुतेक मुलांना निवारा आहे, जेवण आहे. त्यांना हवा आहे तो कागद, तो वाचायला शिकविणारा माणूस आणि निष्कर्ष काढण्याचे स्वातंत्र्य.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी ज्यांच्या घरी वा दुकानी जुन्या वह्या, पत्रे, हुंड्या असतील, त्यांनी घर पाडताना, दुकान रंगविताना एक दिवस थांबावे आणि ट्रस्टच्या कार्यालयात निरोप द्यावा. आम्ही पिशव्या घेऊन येऊ. वाळवी लागलेली वहीही चालेल. मला ज्या वहीची आज गरज आहे, तिच्या शेजारच्या पानावर कदाचित आपल्या पणजोबांचे नाव असेल.

जय जिनेंद्र.